शंभर खाचा, एक मुखवटा

३ मार्च २००३
गावच्या नाथांचा मुखवटा घेऊन जीपने वाडीला पूजेसाठी जाऊन आलो. कानाशी नवा पोचा पडला. चांदी पातळ, रस्ता तसला. गोधडीत गुंडाळून किती दिवस न्यायचं? बाळूला फोन केला. शाळेत एका बाकावर होतो. आता भोसरीत कंपनीत आहे. म्हणाला, "फोमची पेटी करू राव. देव गादीवर बसल्यावानी बसंल."

९ मार्च
बाळू चौकशी करून आला. फोममध्ये मुखवट्याच्या आकाराची खाच पाडतात, पण फोमवाला एक नग करत नाही. कमीत कमी शंभर, आणि ऑर्डरनंतर तीन आठवडे. म्हटलं, देव एक अन् खाचा शंभर? हसला. "बाकीचं मी बघतो की."
नुसत्या मापावर खाच बसत नाही, साचा लागतो म्हणे. नाथांची पूजा पिढीजात आमच्याकडं, अन् आमच्या घरात मुखवट्याचा साचा काढत नाहीत. वडिलांनी फोटोसुद्धा काढू दिला नव्हता.

१० मार्च
कौल लावला. उजवं फूल पडलं, म्हणजे होकार. मग बाळूला प्लास्टरचा साचा घेऊ दिला. काम झालं की फोडून घोडनदीत सोडीन, असं देवापुढं बोलला.

४ एप्रिल
पेटी आली. नाथ असे बसले की पेटी हलवली तरी हलेनात. सौ.च्या डोळ्यांत पाणी. बाळूला साच्याचं विचारलं. "सोडला की नदीत. इश्वास न्हाई व्हय?" मीच ओशाळलो.

१४ एप्रिल
यात्रा. पाळण्याशेजारी बाळूच्या मेव्हण्याचं दुकान. उरलेले सगळे फोम तिथं, प्रत्येकात चंदेरी रंगाचा फायबरचा मुखवटा. एक हातात घेतला. कानाशी तोच पोचा.
बाळू तिथंच होता. "शंभराखाली देत न्हाई फोमवाला. रिकाम्या खाचा फेकून देऊ व्हय? अन् नाथ लोकांच्या घरी गेला, तर तुझं काय गेलं?"
एक म्हातारी विकतचा मुखवटा पदरात घेऊन त्यालाच नमस्कार करत होती.

१५ एप्रिल
साचा कुणी दिला, हे गावकी आज ना उद्या विचारणार. माझंच नाव निघणार.
परवा पुन्हा वाडीला जायचंय. गोधडी धुऊन वाळत घातली आहे. पेटी उघडीच आहे, खाचेत नाथांचा चेहरा उलटा दिसतो.
फूल उजवंच पडलं होतं, मी पाहिलं. मग होकार नेमका कशाला होता?
सकाळी पुन्हा कौल लावीन म्हणतो. फुलं आणून ठेवली आहेत. विचारायचं काय, ते अजून ठरत नाही.