जुनं न पुसता

बाई, तुमचा कॉम्प्युटर स्वयंपाकघरात का होता, ही गोष्ट मी आजवर कितीतरी जणांना रंगवून सांगितली आहे. घरात अर्थिंग असलेला प्लग एकच, फ्रिजचा, म्हणून टेबलही तिथंच लागलं. मॉनिटरवर फोडणीचे शिंतोडे उडायचे आणि तुम्ही ते पदरानं पुसायच्या. लोक हसतात, मीही हसतो. त्याच स्वयंपाकघरात पुढं काय झालं ते मात्र मी कोणाला सांगत नाही, आणि गेले काही आठवडे मला तेवढंच आठवतं आहे. तुम्हांला जाऊन बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नागपुरात शिकत होतो. कळलं तोवर सगळं आटोपलं होतं. आता मी भंडाऱ्याला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. मुलं मला सर म्हणतात. हे ऐकून तुम्हांला आनंद झाला असता, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

पवनीच्या आपल्या शाळेत तुम्ही गणिताच्या बाई. कॉम्प्युटरची खोकी आली तेव्हा त्या खोलीची किल्ली घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून ती तुमच्याकडं आली. तुम्ही पहिल्याच दिवशी आम्हां सगळ्यांसमोर म्हणालात, "मले यातलं काही येत नाही. चाला, पाहू काय म्हणते ते." मी तोवर कुठल्याही शिक्षकाच्या तोंडून "मले येत नाही" हे ऐकलं नव्हतं. शाळेला आलेल्या मशीनवर लिनक्स होतं, आणि ज्या परीक्षेच्या सर्टिफिकेटसाठी आईबाप आम्हांला त्या खोलीत पाठवायचे ती परीक्षा विंडोजवर. मुख्याध्यापक म्हणाले, आलेलं पुसा आणि दुसरं टाका. तुम्ही म्हणालात, "जुनं काहून पुसाचं? दोन्ही ठेवू." एका मासिकाबरोबर तुम्हांला एक सीडी मिळाली होती. एकाच मशीनमध्ये दोन सिस्टिम राहू शकतात, सुरू करताना मशीनच विचारतं की आज कुठली उघडू, असं त्या मासिकात लिहिलं होतं. शाळेच्या मशीनवर हात साफ करायचा नाही, आधी आपल्या घरच्यावर करून पाहायचं, असं तुम्ही ठरवलंत. तुमच्या घरी विंडोज होतं, त्याच्या शेजारी लिनक्स बसवायचं. मी कोंढ्याजवळच्या खेड्यातून येऊन मामाकडं राहणारा, पण इंग्रजी बऱ्यापैकी वाचायचो, म्हणून रविवारी मला बोलावलंत.

तो रविवार मला आजही दिसतो. गॅसवर लाखोळीच्या डाळीचे वडे तळताहेत, मी स्टुलावर बसून पडद्यावरचं इंग्रजी मोठ्यानं वाचतो आहे आणि तुम्ही झारा हातात घेऊन मान वळवून ऐकता आहात. मशीन विचारतं, जुन्याच्या शेजारी बसवू की सगळी डिस्क घेऊ. मी अजून वाक्याच्या अर्ध्यात आहे. कढईतला वडा करपायला आला म्हणून तुम्हांला घाई झालेली. "हो म्हन, हो म्हन," म्हणत तुम्हीच पिठाच्या बोटानं एंटर दाबलंत. आडवी निळी पट्टी पुढं सरकू लागली. ती सगळी डिस्क पुसत चालली आहे हे मला तुमच्या आधी कळलं, आणि मी नुसतं पट्टीकडं बोट दाखवलं. वार्षिक परीक्षेच्या गणिताच्या सगळ्या प्रश्नपत्रिका त्या मशीनमध्ये होत्या. तुम्ही महिनाभर बसून टाइप केलेल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांना द्यायच्या होत्या.

तुम्ही गॅस बंद केलात. पाटावर बसलात. म्हणालात, "माझ्या हातानं गेलं." मला तुमचा तो चेहरा सहन होईना. मी म्हणालो, "बाई, लाइट गेली म्हणून सांगा ना जी. पवनीत कोनालेच खोटं वाटनार नाही." तुम्ही माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलंत की मी स्टुलावरून उठून उभाच राहिलो. "खोटं कायले सांगू?" तुम्ही म्हणालात. "उद्या तू कोनाले शिकवशील, तवा बी आपली चूक लाइटीवर ढकलशील का? पोरायले सारं समजते, बाबू." मग ताटलीत वडे वाढून दिलेत. मी ते खाल्ले, पण चव काही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या तुम्ही फळ्यावर एक मोठा चौकोन काढलात. एरवी गणिताच्या तासाला पुस्तकी बोलणाऱ्या तुम्ही त्या दिवशी घरच्यासारखं बोललात. "ही धानाची बांधी आहे समजा. हिच्या मधात मातीचा धुरा टाकाचा. एकीकडं एक धान, दुसरीकडं दुसरं. इकडचं पानी तिकडं गेलं नाही पायजे. मी काल काय केलो, धुरा टाकाच्या ऐवजी अख्खी बांधीच नांगरून टाकलो, उभ्या धानासकट. मी चुकलो." मुलं खो खो हसली. तुम्हीही हसलात. आपल्याकडं बायाही बोलताना "केलो", "चुकलो" म्हणतात. पण शाळेच्या फळ्यासमोर उभं राहून कोणी "मी चुकलो" असं म्हणालेलं मी ते पहिल्यांदा पाहिलं. प्रश्नपत्रिका तुम्ही पुन्हा हातानं लिहून काढल्यात. पुढच्या रविवारी आपण परत बसलो, या खेपेला वडे नव्हते. आणि मशीन सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर खरोखरच दोन ओळी आल्या, एकीखाली एक. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मग शाळेच्या एकूण एक मशीनवर ते आपण केलं. एकही बिघडलं नाही.

आता माझ्या वर्गाचं सांगतो. दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे, कोंढ्याकडचीच. हुशार, पण बोलते कमी. बोलली की ठेठ आपल्या झाडीबोलीत. अभ्यासाला लिनक्स लागतं. तिच्याकडं लॅपटॉप होता तो भावाचा, सेकंडहँड घेतलेला. भाऊ दिवसा पवनीच्या एका राइस मिलमध्ये कामाला जातो आणि लग्नसराईत शूटिंग करतो. त्या लॅपटॉपवरच व्हिडिओ तयार करून देतो. तिनं मला विचारलं, "सर, विंडोज न काढता दुसरी टाकता येते का जी? भाऊचं काम आहे त्याच्यात." मी म्हणालो, त्यात काय, आता सगळ्यांसमोरच करून दाखवतो. तिचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि शिकवत शिकवत करायला घेतलं. बॅकअप घेतलाय का, हे मी विचारलं नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू व्हावं म्हणून मशीनच्या आतली एक सेटिंग बदलली, आणि आधी जुनं नीट उघडतं का हे दाखवायला पुन्हा सुरू केलं. विंडोज उघडलंच नाही. भिंतभर निळा पडदा आला, आणि डिस्कला कुलूप आहे, किल्लीचे आकडे टाका, असं मागू लागला. एवढा मोठा आकडा की तो लिहायच्या जागाच ओळभर.

बाई, मला ते येत नव्हतं. एवढंच होतं. कुठल्या किल्लीबद्दल विचारतंय, ती कुठं असते, मला ठाऊक नव्हतं. तेवढं एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. सगळा वर्ग भिंतीकडं पाहत होता. मी तिच्याकडं वळून म्हणालो, "काय करून आणलंस यात? कुठून उचलून आणता असली डबडी?" ती उभी राहिली. म्हणाली, "म्या काही नाही केलो जी, सर." आणि मी तिचं ते वाक्य तिच्याच सुरात, मान हलवून, म्हणून दाखवलं. "म्या काही नाही केलो जी." वर म्हणालो, "आधी बोलायला शिका, मग कॉम्प्युटर." वर्ग हसला. तुमच्या वर्गात हसले होते तसं नाही. माझी आई अजून घरी असंच बोलते. फोनवर मीही तिच्याशी असंच बोलतो, स्टाफरूमच्या बाहेर जाऊन.

तिनं वायर काढली, लॅपटॉप बॅगेत ठेवला आणि गेली. मी पुढचा तास शिकवला. स्टाफरूममध्ये येऊन मोबाईलवर शोधलं तर चहा निवायच्या आत उत्तर सापडलं. लॅपटॉपवर विंडोज ज्याच्या ऑनलाइन खात्यानं सुरू केलेलं असतं, त्याच खात्यात ती किल्ली असते. खातं उघडायचं, आकडे उतरवून घ्यायचे, बस. काहीच गेलेलं नव्हतं. मी तिला तेव्हाच फोन करू शकत होतो. केला नाही. फोन केला असता तर मला आधी येत नव्हतं हे सांगावं लागलं असतं.

ती कॉलेजात यायची बंद झाली. आठवडा उलटल्यावर तिच्या मैत्रिणीनं सांगितलं की कुठल्याशा लग्नाचा अख्खा व्हिडिओ त्यात अडकलाय, नवरीकडचे लोक घरी येऊन भावाला बोलून गेलेत, आणि भाऊ म्हणतो आता कॉलेज पुरे. मग मात्र मी गाडी काढली. पवनीच्या रस्त्यानं जाताना आपल्या शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यावंसं वाटलं, गेलो नाही. घर सापडायला वेळ लागला नाही. भाऊ ओसरीवर होता. मी कोण ते सांगताच तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली. "सर जी, तुम्ही घरापावेतो आले! इनं पुरी वाट लावली पाहा. कॉलेजात लॅपटॉप नेला अन् काय काय दाबून बिघडवून आनला. सोताच सांगते, माझ्याच हातानं बिघडला म्हनते."

ती पाण्याचा गिलास घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. बाई, तिनं माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. सगळं स्वतःवर घेतलं होतं. का, ते मला कळत नाही. घरात शिक्षकाबद्दल वाईट बोलायचं नाही म्हणून असेल, किंवा मी जे बोललो ते भावासमोर पुन्हा उच्चारायचं नव्हतं म्हणून असेल. मला तिथं एकच वाक्य बोलायचं होतं, माझ्या हातानं बिघडलं. येताना रस्ताभर ते मी घोकलंही होतं. मी म्हणालो, "काही बिघडलं नाही. आणा बघू."

भावाला त्याचं जुनं खातं आठवेना, मग आठवलं. किल्ली मिळाली. त्यानं आकडे वाचले, मी टाकले. विंडोज उघडलं आणि हळदीनं माखलेल्या नवरीचे फोटो पडद्यावर आले तसा तो तरणा माणूस डोळ्यांवर हात धरून मटकन खाली बसला. आधी त्याचं सगळं काम मी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग मुलीला म्हणालो, "बस, आता तू कर." ती बसली. मी मागं हात बांधून उभा होतो. कुलूप काढलं, जागा कापली, दुसरी सिस्टिम बसवली, सगळं तिनंच केलं, प्रत्येक ओळ दोनदा वाचून. मशीन पुन्हा सुरू झालं, दोन ओळी आल्या. तिनं खालची निवडली, विंडोज उघडलं. बंद केलं, वरची निवडली, लिनक्स उघडलं. ती हसली नाही. भाऊ हसला. "सर जी, तुमचे उपकार झाले. ही पोट्टी पुन्हा हात नाही लावनार." तेव्हाही मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "असू द्या, शिकताना होतं असं." शिकताना, म्हणजे ती शिकताना. निघताना त्यानं घरच्या तांदळाची पिशवी गाडीला अडकवली. नको नको म्हणत मी ती आणली. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं, एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप दुरुस्त करून दिला.

सोमवारी ती आली. मी फळ्यावर चौकोन काढला. मला वाटलं होतं, तुमच्यासारखं बोलेन. तोंडून निघालं ते असं: "काही मशीनमध्ये अशी तांत्रिक अडचण येऊ शकते, आधी काळजी घ्यावी." मी, मला, माझं, असा एकही शब्द त्यात नव्हता. मुलांनी उतरवून घेतलं. ती दुसऱ्या बाकावर होती, तिनंही उतरवून घेतलं. तुम्ही म्हणायच्या, पोरांना सारं समजतं. त्या दिवशी सगळ्यांना समजलं असणार.

हे कागद मी कोणाला दाखवणार नाही. तुम्हांला सांगणं सोपं आहे, तुम्ही माझ्यासमोरच्या बाकावर बसत नाही. जिला सांगायचं ती उद्या पुन्हा बसेल. पण एक राहिलं, तेवढं लिहून ठेवतो. मागच्या प्रॅक्टिकलला तिचं काहीतरी अडलं. तिनं हात वर केला, उभी राहिली, शब्द जुळवायला थोडी थांबली आणि म्हणाली, "सर, मला हे जमत नाहीये. मी काय चुकीचं केलं?" एकेक अक्षर पुस्तकातलं. मले नाही, जी नाही. बाई, ते ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की चला, नीट बोलायला लागली. लाज त्याच्यानंतर वाटली.