अकोल्याची मुलाखत

अमरावती,
दि. ११ जून २०२४

प्रिय ईशानदादा,

वडील भावाला 'तीर्थस्वरूप' लिहावं असं बाबांचं म्हणणं. आज ते माझ्याच्यानं होणार नाही, साध्या नमस्कारावर भागव. अचलपुरातला सप्ताह नीट चालला असेल. भागवत वाचायला बसलास की तू फोन बंद ठेवतोस आणि इथे मी फोन घेतला की बाबांचे कान टवकारतात, म्हणून कागद घेतला. हारवाले नत्थुजी उद्या तुमच्याकडे यायला निघताहेत, त्यांच्याजवळ देते.

घरी सगळं ठीक. कुलरचा पंप जळाला होता, नवा बसवला. लोणच्यात यंदा मीठ जास्त पडलं आणि खापर नेहमीप्रमाणे माझ्यावर फुटलं.

माझा अभ्यास चाललाय. कुंदा मॅडमनी सांगितलं होतं ना, समाजशास्त्राला प्रवेश घ्यायचाय तर आधी आपला आपण एक प्रश्न निवड आणि लोकांच्या घरी जा, पुस्तकं पळून जात नाहीत. मी प्रश्न घेतला, भिक्षुकी करणाऱ्या मुलांना मुली का मिळत नाहीत. तू हसला होतास. पण हा विषय मी तुझ्यासाठीच घेतला होता, दादा. दर वेळी नकार आला की तू उपरणं घडी करून ठेवायचास आणि जेवायला बसायचास, जणू काही झालंच नाही. मला ते बघवत नव्हतं. चूक कुणाची आहे ते तरी कळावं म्हणून मी प्रश्न काढले आणि दारोदार फिरले.

गावातली घरं झाली, बाहेरगावचं एक हवं होतं. महिनाभर या सगळ्याला 'रिकाम्या उठाठेवी' म्हणणाऱ्या बाबांनी आपणहून अकोल्याचा पत्ता दिला, वर सोबतही आले. आईनं साडी नेसायला लावली. मला वाटलं, चला, घरात संशोधनाला मान मिळाला! मुलाखतही चांगली झाली.

चांगली म्हणजे काय, तेच सांगायला बसलेय आणि भलतंच लिहितेय.

जुन्या शहरातलं घर. मुलगा शेखर, तुझ्याच वयाचा, पौरोहित्य करणारा. मी एका घरची माणसं धरून गेले होते, तर बैठकीत काका, मामा, आत्या, सगळं गणगोत जमलेलं. म्हटलं, वा, लोक किती सहकार्य करतात! त्याच्या आईनं, माणिकबाईंनी, पोह्यांवर कचोरी वाढली. "घे न बेटा, लाजून काहून राहिली?" एका आत्यानं माझी उंची विचारली, दुसरीनं विचारलं, "सैपाक येते का तुले?" मी सगळी उत्तरं दिली. आपण मोकळं बोललो की समोरचाही मोकळा होतो, असं मॅडम म्हणतात.

मग मी वही उघडून माझा प्रश्न विचारला, "सून कशी हवी?" सगळी बैठक खो खो हसली. माणिकबाई म्हणाल्या, "आता काय सांगू बेटा, समोरच तर बसून राहिली!" मी तेसुद्धा लिहून घेतलं. दादा, इतकी मूर्ख मुलगी अमरावती जिल्ह्यात दुसरी नसेल. शेखर तेवढा हसला नाही. जाताना हळूच म्हणाला, "तुमचं शिक्षण थांबणार नाही, ते माझ्याकडं लागलं." शुभेच्छा समजून मी आभार मानले.

माणूस वाईट नाही. हे मुद्दाम लिहितेय, उद्या कुणी म्हणायला नको की स्थळात खोट काढली.

ओटी भरायला शेखरच्या धाकट्या बहिणीनं, वर्षालीनं, मला आत नेलं. तांदूळ घालता घालता तिचे डोळे भरले. म्हणाली, "तुमी हो म्हटलं म्हणून माझं जमून राहिलं, वहिनी. दादाचं झाल्याशिवाय बाबा मले देतच नव्हते. ईशान बोलले मले, अवनीला पसंत आहे म्हणून."

म्हणजे साटंलोटं. मी त्यांच्या घरी, ती आपल्या घरी, एकाच मांडवात. तुमचं दोघांचं फोनवर बोलणं होतं, हेही मला तिथेच कळलं. तिच्या ओंजळीतला नारळ मी पदरात घेतला आणि वाकून नमस्कारही केला. तिचं तोंड इतकं आनंदी होतं की 'मला कुणी विचारलेलं नाही' हे वाक्य मी त्या नारळाबरोबर पदरात बांधून घरी आणलं.

गाडीत बाबा म्हणाले, "मुलगा सालस आहे." मी म्हटलं, "बाबा, मी अभ्यासाला गेले होते." तर म्हणे, "मग झाला न अभ्यास!" घरी आई रडली. "दादाच्या वयाकडं बघ न बेटा. तुझ्या एका शब्दानं दोन घरं उभी राहतात."

आईबाबांचा राग मी गिळीन. तुझा गिळवत नाही. त्यांनी मला नुसतं नेऊन बसवलं. तू माझ्या तोंडचा होकार दिलास, मी न दिलेला. आणि सगळ्यात वाईट सांगू? तू माझ्याजवळ येऊन विचारलं असतंस, 'अवे, माझ्यासाठी एवढं करशील का?' तर तुझं तोंड बघून मी कदाचित हो म्हटलं असतं. वर्षाली मला आवडली. तुझं तिच्यावर प्रेम आहे याचा मला आनंद आहे, अगदी मनापासून. आणि तरीही मी शेखरशी लग्न करणार नाही. मला शिकायचंय, आणि माझं लग्न कुणाच्या बदल्यात व्हायला नकोय.

रविवारी ती माणसं सुपारी फोडायला येणार आहेत. त्या बैठकीत मी 'नाही' म्हणणार. आरडाओरडा होईल, बाबा जेवणार नाहीत, ते मी बघून घेईन. पण मी सगळ्यांसमोर नाही म्हटलं, तर वर्षालीला तुझं खोटं तिच्या वडिलांसमोर कळेल. तिची ती दशा मला नकोय. तिला मी अजून एका शब्दानं बोलले नाही, ते तुझं काम आहे.

म्हणून शुक्रवारी काला झाला की घरी येऊ नकोस, आधी अकोल्याला जा. तिला खरं सांग. मग तिच्या वडिलांसमोर उभा राहा आणि तिला माग, माझ्याशिवाय. ते हाकलतील. हाकलू दे. पुन्हा जा. आजवर तुला नकार आले ते बाबांनी ऐकले, मध्यस्थांनी ऐकले. एकदा स्वतःच्या तोंडानं मागून बघ.

तू गेलास तर मी तुझ्यामागे उभी आहे, घर फिरलं तरी. न गेलास तर रविवारी बैठकीत तुझ्यासमोर बसेन आणि बोलेन, आणि त्यानंतर तुला काय लिहायचं ते मला सुचेल असं वाटत नाही.

तुझी बहीण, पण कुणाला द्यायला तुझी नसलेली,
अवनी