मंगळवारच्या गारा

बाबा,

अकरा वाजता विम्याचा माणूस छप्पर बघायला येईल. त्याने मला काही विचारलं तर माझी बोबडीच वळेल, म्हणून मी लवकर कामावर पळतेय. रागावू नका.

सगळे पत्रे बदलायला मिस्त्री अडीच लाख सांगतोय. ते विम्यातून मिळाले नाहीत तर आपण उघड्यावर पडलो. पण बाबा, यंदाचा हप्ता भरायचा मी विसरलेच होते. गारा पडून गेल्यावर, बुधवारी सकाळी धावत जाऊन भरला आणि फॉर्मवर ठोकून दिलं की गारा गुरुवारी पडल्या. तुमच्या चिरंजीवांना यातलं काही माहीत नाही.

तुम्ही रोजचं हवामान कॅलेंडरवर लिहिता. मंगळवारच्या चौकटीत तुम्ही पेन्सिलीने लिहिलंय, 'संध्याकाळी गारा, लिंबाएवढ्या.' मघाशी मी खोडरबर घेऊन समोर उभी राहिले, पण तुमचं अक्षर पुसायला हात धजेना. खोटं बोला असं तुम्हाला सांगायची तर माझी मुळीच हिंमत नाही.

त्याला चहा द्या. खुर्ची मात्र अशी ठेवा की त्याची पाठ कॅलेंडरकडे होईल.