कुलूपवाल्याचा लॅपटॉप

प्रिय पोरी,

आधी चांगली बातमी. तू टाकून गेलेला लॅपटॉप मी जिवंत केला. बटण दाबून चहा ठेवला तर चहा उकळून निवायचा, तरी तो आपला गोल गोल फिरतोय. म्हणून जुनं सगळं काढून त्यावर लिनक्स नावाचं दुसरं सॉफ्टवेअर बसवलं. फुकट मिळतं, आणि वाटेल त्याने आत डोकावावं, चुकलं तर दुरुस्त करावं. मला तर हे माझ्याच शाळेतलं वाटलं. मी तरी कुठे शिकायला गेलो होतो? लोकांची बिघडलेली कुलपं खोलून खोलूनच शिकलो. पेनड्राइव्हवरून बसवताना 'डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं?' असं विचारलं, तेव्हा बोट मागे घेतलं. पण देवाचं नाव घेतलं आणि दाबलं.

मग त्याला नटवायला बसलो. अक्षरं मोठी केली, पडद्यावर दुकानाच्या पाटीचा फोटो लावला, चित्रांच्या जागी किल्ल्या बसवल्या. तुझी आई म्हणाली, लग्नात मला एवढं नटवलं असतंत तर फोटो तरी बरे आले असते. तुझ्या लहानपणीच्या कॅसेटी त्यात भरल्या. तुझं बोबडं गाणं, मी हाक मारतोय आणि तू पलंगाखाली लपून खिदळतेस, ते सगळं. फिती इतक्या जुन्या, की एकेक वाजून संपली की तुटायची. तुटल्या त्या टाकून दिल्या. म्हटलं, आता आवाज लॅपटॉपात सुखरूप आहेत.

एक शहाणपणा मात्र नडला. बसवतानाच त्याने विचारलं होतं, डिस्कला कुलूप लावायचं का? आता हे कुलूपवाल्याला विचारायचं असतं का? लावलं. किल्ली म्हणून एक शब्द दिला. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन असा शब्द, म्हणून कुठे लिहूनही ठेवला नाही. किल्ली कुलपाशेजारी टांगायची नाही, हे आपल्या धंद्यातलं पहिलं सूत्र. काही आठवडे चांगलं चाललं. आणि गेल्या सोमवारपासून ते उघडत नाही.

आधी खापर कीबोर्डवर फोडलं. मराठीत टंकलं होतं की इंग्रजीत, दोन्हीकडून करून पाहिलं. वाचून कळलं की हे कुलूप तारेने उघडत नाही, कानशीने घासून नवी किल्ली बनत नाही. शब्द गेला तर आतलं सगळं गेलं. आई म्हणते, किल्लीवाला दाराबाहेर, ही गंमत पेपरात छापून आणा. मी हसलो. लॅपटॉप मिटून ठेवला.

दुकानातही जरा विचित्र चाललंय. परवा शटरला घराचीच किल्ली लावून खटपट करत होतो. शेजारच्या शिंप्याने हळूच जुडग्यातली दुकानाची किल्ली काढून दिली. त्याने थट्टा केली असती तर बरं झालं असतं. एका बाईंची किल्ली घासायला शेगड्याच्या पकडीत धरली आणि ही कुणाची, कशाला आली, काही सुचेना. बाई समोरच उभ्या होत्या. मी उगाच खोकत राहिलो.

पोरी, आता खरं लिहितो. तो शब्द म्हणजे तुझं लाडाचं नाव होतं. मीच ठेवलेलं. ते मला आठवत नाही. जिभेच्या टोकावर असतं तर कसंही ओढून काढलं असतं. तिथे काहीच नाही. आईला विचारलं तर ती चटकन सांगेल, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहील. ते बघणं मला सोसणार नाही. फोनवर बोलावं तर ती शेजारीच असते. म्हणून हे पत्र. नाव लिहून पाठवू नकोस, तूच ये. लॅपटॉप बिघडलाय म्हणून आलेय असं आईला सांग, आणि मला डॉक्टरांकडे घेऊन चल. कुलूप तू सांगशील त्या नावाने उघडेल, त्यात शंका नाही. पण ते नाव ऐकूनही मला ओळखीचं वाटलं नाही तर? त्या वेळी तू माझा हात धरून बसलेली असावीस, एवढंच.

दाराकडे कान लावून बसलेला,
तुझाच बाबा