आखाजीपर्यंत दूध टिकावं

६ एप्रिल १९९७, सुरत
सोनू गेला. सासूबाई अमळनेरला घेऊन गेल्या. जरा हगवण काय लागली, लगेच, "सुरतनं पानी मानवत नई पोऱ्याले. आखाजीले लई येसू." पाणी सुरतचं, पण दूध तर माझं होतं ना! बोलणार कोण. मला जाता येत नाही, लूमवरच्या कारागिरांचे डबे माझ्या गळ्यात. हे म्हणतात, अक्षय्य तृतीयेला आई परत आणणारच आहे, महिन्याचा तर प्रश्न. यांना काय, यांचा सदरा भिजत नाही.

७ एप्रिल
छाती दगड झालीय. वाटीत पिळून काढलं. जमिनीवर सांडलं अन् मुंग्या लागल्या तर दूध आटतं, आई सांगायची. म्हणून घरमालकीण बांच्या तुळशीत ओतलं. रोज काढायचं. आटलं तर आखाजीला पोराला काय पाजू?

११ एप्रिल
बांनी पाहिलं. वाटलं, आता तुळस बाटवली म्हणून ओरडतील. त्या नुसत्या वाटीकडे बघत राहिल्या. त्यांची सून हेतल माहेरून बाळंत होऊन आलीय. दूध यावं म्हणून सुवा झाला, डिंक झाला, पोराचं पोट भरत नाही. बाटली धरत नाही. "सुमन, मारी वहुने दूध ज नथी आवतुं." आजवर मला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही या बाईने.

१२ एप्रिल
पाजलं. त्यांच्याच स्वयंपाकघरात, पाटावर बसून. पोरगा घटाघटा प्यायला. हेतल रडली, मीही रडले. तिचं कारण वेगळं, माझं वेगळं. सोनूच्या टाळूला खोबरेलाचा वास येतो, याच्या टाळूला पावडरचा. सोनूचा वाटा तर देत नाहीये ना मी?

२० एप्रिल
उलट दूध वाढलंय. पोराला आधी हेतलकडे लावायचं, मग माझ्याकडे. तिलाही सुटायला लागलंय. आज बांनी चहा दिला, आपल्या कपात. माझी भाजी मात्र करपली, कारागिरांची कुरकुर. सोनूचं एक झबलं धुतलेलं नाही. उशाशी असतं.

३० एप्रिल
अमळनेरहून आलेला शेजारी सांगत होता, सोनू बसायला लागला, वाटीने बकरीचं दूध पितो, अजिबात रडत नाही. सगळे खूश. मी पोळ्या लाटत राहिले. थोडं तरी रडायचं होतंस रे.

१० मे
आखाजी काल झाली. आज आले. केवढा झालाय! मी हात पुढे केले तर आजीच्या पदरात तोंड लपवलं. छातीशी घेतला तर अंग ताठ, हात आजीकडे. सासूबाईंचेच डोळे भरले. "रडू नको व माय, वळखी तुले." दूध टिकलं. पिणारा परका झाला.

१२ मे
दुपारी हेतल पोर घेऊन खाली आली. आता तिला पुरेसं येतं, तरी म्हणाली, "सोनूना सामे पिवडाव. एने जोवा दे." सोनूला दिसेल अशी तिच्या पोराला पाजायला बसले. सोनू सासूबाईंच्या मांडीवरून बघत होता. मग घसरत आला. हेतलच्या पोराचं डोकं बाजूला लोटलं. सासूबाईंना हसू आलं. हेतलने आपलं पोर अलगद उचलून घेतलं.

तोंड अजून लावलेलं नाही. पण माझ्या छातीवर ठेवलेला हात काढतही नाही. तसाच झोपलाय. हे एका हाताने लिहितेय, ब्लाउज भिजलाय, जागा कधी होतो