बेंबळीचा शिरपती

कळंब, सोमवार, दिवेलागण

आज पुन्हा दुकानात तोच वाद, आजवरचा सगळ्यात भारी बॉक्सर कोण. जो तो आपलं नाव रेटत होता. वडील शेजारी बसले होते, डावी मूठ गालापाशी धरून. सगळं विसरले, पण रिंगमधली ती सवय काही गेली नाही. मी उगाच विचारलं, "अण्णा, तुमचा आवडता कोण?"

"बेंबळीचा शिरपती. लई जोरात मारायचा."

शिरपती म्हणजे अण्णाच. स्वतःला तरी ओळखलं, म्हणून केवढा आनंद झाला मला. कशाला झाला?

लगेच माझ्याकडे बघून म्हणाले, "सध्या कुठं असतोय तो? एकदा घेऊन या त्याला."

घेऊन या! जन्मभर मला 'आरं' म्हणणारा बाप आज अहोजाहो करत होता. मूठ तेवढी गालापाशीच.