चौथ्या चाकाचा आऊट

१४ जानेवारी, मंगळवार
शेवटून अकरावी तार परत निसटली. चिमट्यातून उडाली ती थेट सोफ्याखाली. गुडघ्यांवर बसून टॉर्च घेऊन शोधली. सापडली ती मागच्या शुक्रवारी हरवलेली. आजची अजून तिथेच कुठेतरी असेल.

तळमजल्यावरच्या हेर लिंडनरांकडे (इथे जर्मनीत हेर म्हणजे श्रीयुत) मंगळवार-शुक्रवार दहा ते बारा जायला लागून दोन महिने झाले. सुरुवात पत्रं वाचण्यावरून. डोळ्यांच्या मधोमध त्यांना काही दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. मी पत्र वाचायचं, त्यांनी माझे उच्चार सुधारायचे, असा सौदा. मग नोव्हेंबरअखेर त्यांनी मला कपाटावरचा खोका काढायला लावला. जुन्या रेसिंग कारचं किट, खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याएवढं, पितळ आणि पांढरा धातू, बारीक तुकड्यांची पाकिटंच पाकिटं. चाकं तारेच्या स्पोकची, एकेक तार हाताने ओवायची. दोन चाकं त्यांनी नजर जायच्या आधी केलेली.
"दोन राहिलीत, फ्राऊ याधाव."
फ्राऊ म्हणजे बाई, आणि जाधवचं याधाव. सुधारणं सोडून दिलंय.

मी होकार का दिला? बहुतेक बऱ्याच दिवसांत कोणी माझ्याकडे काही मागितलंच नव्हतं. म्हणजे डबा, धुणं आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट सोडून.

१७ जाने., शुक्र
तिसरं चाक झालं. सगळ्या तारा बसल्या. मान आखडली, उजव्या अंगठ्याला भोक. तरी झालं.

लिं.नी ते एका सळईवर चढवलं, फिरवलं, रिमला नख लावून ऐकत बसले.
"आयर्ट."
म्हणजे चाक डुगडुगतंय. आपल्याकडे सायकलवाला म्हणतो, आऊट आहे.
"थोडंसंच आहे," मी म्हटलं.
"थोडंसं म्हणजे आहे. काढा सगळं."
"सगळं?"
"आलेस." म्हणजे सगळं.
मी हलले नाही, तर त्यांनी स्वतःच चाचपून कटर घेतला. बोटाने तार शोधायची, कापायची. पुढची शोधायची, कापायची. माझे तीन आठवडे पाच मिनिटांत बशीत. मी कोट घालून निघाले. सांगितलं, मुलीला किंडरगार्टनमधून आणायचंय. रेवाला आणायला अजून पाऊण तास होता. बस स्टॉपवर बसून राहिले.

२१ जाने., मंगळ
पुन्हा पहिली तार. माहितीपुस्तिकेत चित्रात तारा डावीकडे झुकलेल्या, मजकुरात उजवीकडे. गोंदाने तर्जनी आणि मधलं बोट चिकटलं, भांडी घासताना सुटलं.

नवरा, अमेय, गाड्यांच्या प्लांटमधून सहाला आला. त्याच्याकडे बॉडी शॉपमध्ये दोन लाइन बंद, मीटिंगा मात्र दुप्पट. माझी बोटं बघून म्हणाला, "छंद आहे की शिक्षा?"
"माहीत नाही."
"मग सोड ना. कोणी जबरदस्ती केलीय?"
कोणीच नाही. तेच तर.

२४ जाने., शुक्र
दुसऱ्यांदा झालं. दुसऱ्यांदा आऊट.

या वेळी सामान घरी नेऊन रोज रात्री बसले, लक्ष ठेवून केलं होतं. किटमध्ये प्लॅस्टिकची एक चकती येते. तिच्यावर रिम बसवायची आणि मधे हब, म्हणजे तारा ओवेपर्यंत दोन्ही एका मध्यावर राहतात. मला वाटतं चकतीच वाकडी आहे. सांगितलं. त्यांनी मान हलवली. परत सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढला माझा.

ते शांतपणे म्हणाले, "चकती चांगली आहे. मी त्याच चकतीवर दोन चाकं केली. हात वाईट आहे."

मी मराठीत काहीतरी बोलले. शब्द कळले नसतील, बाकी कळलं असणार. आज पत्र वाचायचं राहिलं.

२८ जाने., मंगळ
गेले नाही.

३१ जाने., शुक्र
गेले नाही. दहा वाजता खिडकीत उभी होते.

अमेय: "लिंडनर जिन्यात भेटले. तुझी तब्येत विचारत होते. बरी आहे म्हटलं. खरं काय सांगायचं?"
"बरी आहेच."

रेवाच्या शाळेचा फॉर्म भरला. आईचा व्यवसाय. मागच्या फॉर्मवर 'गृहिणी' लिहिलं होतं. आज तिथे नुसती रेघ मारली. भोसरीत पाच वर्षं फिक्स्चर डिझाईन केली. जॉब, म्हणजे ज्यावर काम चाललंय तो तुकडा, जागच्या जागी घट्ट धरून ठेवायचा, इंचभर सोडा, केसभर हलू द्यायचा नाही, एवढंच काम. इथे येऊन सहा वर्षं झाली. पहिलं वर्ष भाषा, मग रेवा, मग नुसतीच वर्षं.

हात वाईट असेल. चकती कशाला म्हणतात ते मला कळतं.

४ फेब्रुवारी, मंगळ
गेले. गुटन मॉर्गन एवढंच बोलले आणि व्हर्निअर मागितला. त्यांनी ड्रॉवरमधून काढून दिला, चामड्याच्या म्यानात, तेल लावलेला.

चकती मोजली. चार बाजूंनी, दोनदा. हबची जागा मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेली. आकडा मोठ्याने वाचला. ते चकतीवर अंगठा फिरवत राहिले. चाळीस वर्षं प्लांटमध्ये दरवाज्यांचे साचे बनवलेला माणूस. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय ते त्यांना मी सांगायला नको.

मला जिंकल्यासारखं वाटत होतं. ते फार टिकलं नाही.
"आता माझी दोन मोजा," ते म्हणाले.
"कशाला? ती चांगली आहेत."
"मोजा."

मोजली. दोन्ही आऊट. माझ्यापेक्षा कमी, पण आऊट. मला खोटं बोलता आलं असतं, त्यांना आकडे दिसत नाहीत. जर्मनमध्ये खोटं बोलायला मला वेळ लागतो. तोवर खरं बोलून झालं होतं.

त्यांनी दोन्ही चाकं हातात घेतली. मग ते म्हणाले, "तेव्हा तर मला दिसत होतं."

७ फेब्रु., शुक्र
बेल दोनदा वाजवली. आत रेडिओ चालू होता. दार उघडलं नाही.

मी कशाला मोजली ती चाकं.

११ फेब्रु., मंगळ
बेल वाजवायच्या आधीच दारात उभे. कोट घातलेला, हातात तळघराची किल्ली.

तळघरात जाळीच्या खोलीत, सायकली आणि जुन्या रंगाच्या डब्यांमागे, चादरीखाली धातू कातायचं छोटं लेथ. मला माहीतच नव्हतं.
"चकती नवीन करू. ॲल्युमिनियम आहे. तुम्हाला येतं?"
"यायचं."
"यायचं नाही. येतं की नाही?"
"येतं."

येत नव्हतं, म्हणजे लगेच नाही. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, जॉब धरायलाच वीस मिनिटं गेली. मग पहिला कट. लिं. शेजारी स्टुलावर, डोळे मिटून, आवाज ऐकत. "हळू." "अजून हळू." "आता टूल घासतंय, बोथट आहे, थांबा." त्यांना ऐकून सगळं कळतं. वर आले तेव्हा केसांना कटिंग ऑइलचा वास. धुवावेसे वाटले नाहीत.

जाताना म्हणाले, "माझी दोन चाकंसुद्धा परत करायची."
म्हणजे दोनाची चार. मी जिन्यातच बसले थोडा वेळ.

१४ फेब्रु., शुक्र
चकती झाली. मध्य बरोबर. लिं.नी फुंकर मारून कीस उडवला, कडेवरून बोट फिरवलं, खिशात घातली. 

२५ फेब्रु., मंगळ
ओवणं, ओवणं. तारा संपत आल्या. जास्तीच्या म्हणून दिलेल्या माझ्या चुकांत गेल्या. नवीन मागवल्या त्या जाड निघाल्या, हबच्या भोकात जाईनात. एकेक टोक कानशीने घासून बारीक करतेय. एका तारेला चार मिनिटं.

फोनवर आई विचारते, दिवसभर काय करतेस? सांगितलं, तार घासते. ती म्हणाली, "बाई, तिकडे भांडी घासायला मशीन नसतं का?" तिला वाटलं भांडी घासायची तार. स्पष्ट करायचा कंटाळा आला.

४ मार्च, मंगळ
तिसरं चाक नव्या चकतीवरून उतरवलं. लिं.नी फिरवलं. मी श्वास धरून. ते म्हणाले, "वायटर."

क्षणभर मला 'वाईट' असंच ऐकू आलं.  मग कळलं, जर्मन आहे. पुढे चला.

एवढंच. तरी घरी येताना दोन-दोन पायऱ्या चढले.

७ मार्च, शुक्र
त्यांची मुलगी न्युरेम्बर्गहून आली होती, नाव झाबीने. तिच्या घराजवळ वृद्धांसाठीच्या सोसायटीत खोली मिळाली. वर्षभर लागेल म्हणत होते, पण आत्ताच रिकामी झाली. एक एप्रिलला जायचं. परवा ते गॅस चालू ठेवून झोपले होते म्हणे. मला कोणी बोललं नव्हतं.

लिं. तिच्यासमोर एकदम लहान दिसले. खांदे आत घेतलेले.

दारापर्यंत सोडायला ती आली. "तुम्ही हे करायलाच हवं असं नाही, बरं का. बाबा लोकांना कामाला लावतात. लहानपणी रविवारी मी कानशी घेऊन तळघरात असायचे. मैत्रिणी पोहायला जायच्या."
"आणि?"
"आणि काही नाही. अजून कानशीचा आवाज सहन होत नाही."

स्कार्फ राहिला म्हणून परत आत गेले तर लिं. म्हणाले, "माझी दोन राहू देत. चौथं करू."

१८ मार्च, मंगळ
चौथं अर्ध्यावर. घरात त्यांचे खोके. लेथ कोणीतरी येऊन नेलं, तळघरात फरशीवर चौकोनी डाग. आज ओवताना लिं. बोलतच होते. बायकोबद्दल, तिला या गाड्यांचा राग होता, टेबल कधी जेवायला मिळायचं नाही. मी मोजणी विसरले दोनदा. गप्प बसा म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

२१ मार्च, शुक्र
रेवाला ताप. जाता आलं नाही. अमेयला सुट्टी घ्यायला सांगितलं तर, "आज नाही गं, ऑडिट आहे." त्याचंही खरं आहे. रेवा जर्मनमध्ये रडते हल्ली.

२५ मार्च, मंगळ
आता मलाही सर्दी, अंग दुखतंय. तरी गेले. आठ तारा उरल्या होत्या. शेवटून तिसरी आखूड निघाली, ताणून बसवली. बसवतानाच कळलं की चूक होतेय. सोडवून नवी घालायची तर शेजारच्या दोन काढायच्या. घड्याळात पावणेबारा. गोंद टाकला.

कळत होतं तरी टाकला. इथे तरी लिहावं.

२८ मार्च, शुक्र
चाक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी फिरवलं. नख लावलं. मला चार फुटांवरून ऐकू येत होतं, दर फेरीला एकदा, टक्. टक्.

लिं. म्हणाले, "गूट." म्हणजे चांगलं.

साडेचार महिन्यांत पहिल्यांदा. मग कॉफी मागितली. मी केली. कपात ओतताना विचार करत होते, आत्ता सांगू, आत्ता सांगू. त्यांनी विचारलं, रेवाचा ताप उतरला का. उतरला, मी म्हटलं.

१ एप्रिल, मंगळ
लिं. गेले. झाबीनेच्या गाडीत पुढच्या सीटवर, मांडीवर रेडिओ. किटचा खोका माझ्या हातात दिला. "बॉडी, इंजिन, रंग. काम आहे अजून."
"मला रंगातलं काही कळत नाही, हेर लिंडनर."
"मग वेळ लागेल."
हात हातात घेतला आणि फार घट्ट दाबला. गाडी वळल्यावर मी उगाच हात हलवला. त्यांना दिसणार नव्हता.

४ एप्रिल, शुक्र
खोका जेवणाच्या टेबलावर. अमेय बाजूला ताट घेऊन सोफ्यावर जेवतो.

चौथं चाक मोजलं. आऊट आहे. त्यांनी कापून टाकलेल्या पहिल्याएवढं नाही, पण त्यांच्या नखाखालून सुटावं इतकं कमीही नाही.

मग गूट का म्हणाले? बोटांतलंही गेलं का त्यांच्या? की कंटाळले? की माझा चेहरा दिसत नसतानाही मी दमलेय हे कळलं? यातलं कुठलं खरं असलेलं मला आवडेल, तेच ठरत नाही. दया केली असेल तर सगळ्यात वाईट. त्या दिवशी मी त्यांच्या चाकांवर केली नव्हती.

अमेयला सांगितलं सगळं. तो म्हणाला, "शोकेसमध्ये ठेवलं की चाक कुठे फिरणार आहे?" बरोबर आहे त्याचं. शांतपणे भांडी लावली.

८ एप्रिल, मंगळ
बरोबर दहाला फोन. तिथलं जेवण बेचव, शेजारचा माणूस दिवसभर टीव्ही लावतो, पत्रं वाचायला एक मुलगी येते, फार भराभर वाचते. मग, "चाकं बसवलीत?"
"नाही."
"का?"

मी खुर्चीत बसले. म्हटलं, "चौथं आऊट आहे. एक तार मी ताणून बसवली. मला बसवतानाच माहीत होतं."

पलीकडे टीव्हीचा आवाज. मग ते म्हणाले, "किती?"

आकडा सांगितला. ते 'हं' म्हणाले. आश्चर्य नाही, राग नाही, काही नाही. म्हणजे माहीत होतं? की मोजणारा माणूस किती हेच आधी विचारतो? विचारायला तोंड उघडलं तर म्हणाले, जेवणाची घंटा झाली, इथे साडेअकराला जेवायला बसवतात, शुक्रवारी करतो फोन. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

फोन ठेवून कटर काढला. ताणलेली तार शोधली, कापली. शेजारच्या दोन कापल्या. इथे थांबता येईल, तीनच नव्या घालायच्या. पण रिम त्या बाजूला आधीच ओढली गेलीय. सगळं काढलं तरच सरळ होईल. तारा मोजल्या, पुरत नाहीत. चौथी तार कटरमध्ये धरून किती वेळ बसले माहीत नाही. मग रेवाला आणायची वेळ झाली.